कॅश प्लगइन टाकलं, साइट पळाली, पण भाव सोमवारचाच राहिला

(हे या भागाचं लिहून काढलेलं रूप. बोलताना अडखळलेलं आणि मध्येच खिडकीखालून गेलेला भंगारवाल्याचा भोंगा काढून टाकलाय. सेटिंगचा भाग नुसता ऐकून जमत नाही, म्हणून तो इथे बोललो त्यापेक्षा जरा सविस्तर दिलाय.)

गेले दोन महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, वर्डप्रेसवर साइट केली, लई हळू उघडते. कोणतं प्लगइन टाकू?" कुणाचं कापडाचं दुकान आहे, कुणाचा क्लास आहे, एकाची मोसंबीची नर्सरी आहे. उत्तर एका ओळीत देता येतं. कॅश प्लगइन टाका. पण हे एका ओळीतलं उत्तर मी स्वतः एकदा अमलात आणलं आणि त्यात एका माणसाचं नुकसान झालं. म्हणून आज पूर्ण भाग त्यावरच.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. ही कॅश म्हणजे रोख रक्कम नव्हे. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. मूळ फ्रेंच शब्द आहे, अर्थ साधारण "लपवून ठेवणं". एकदा तयार केलेली गोष्ट जवळ ठेवून द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा तयार करावी लागत नाही.

साइट कुणाची होती ते सांगतो. जालना जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारे बरेच शेतकरी आहेत. पूर्वी कोष विकायला इथून कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. 2018 साली जालन्याच्या बाजार समितीतच कोषांची खरेदी सुरू झाली आणि लांबचा फेरा वाचायला लागला. तर आमच्या ओळखीतल्या काही रेशीम शेतकऱ्यांचा एक गट आहे. त्यांची छोटी साइट मी बघतो. तुतीच्या जाती, शेडचे फोटो, बॅच कधी लावायची याची माहिती, चौकशीचा फॉर्म, आणि सगळ्यात महत्त्वाचं एक पान, "आजचे दर". गटातला एक मुलगा रोज संध्याकाळी बाजारातला भाव गुगल शीटमध्ये टाकतो आणि साइट तो तिथून उचलून दाखवते.

रेशीम कोष हा काही सोयाबीन नाही की भाव नाही म्हणून पोत्यात भरून दोन महिने ठेवला. आत जिवंत किडा असतो. कोष तयार झाला की काही दिवसांत त्याचा पतंग होतो आणि तो कोष फोडून बाहेर येतो. कोषाचा धागा सलग असतो, एका कोषातून कित्येकशे मीटर निघतो. भोक पडलं की धागा तुटला, मग त्या कोषाला रिळाच्या दृष्टीने किंमत नाही. त्यामुळे कोष काढल्यावर "आज कुठे न्यायचा" हा निर्णय एका रात्रीत होतो. त्या रात्री माणूस फोन काढून भाव बघतो.

हळू म्हणजे नेमकं काय हळू?

ती साइट माझ्या फोनवर उघडायला नऊ सेकंद घ्यायची. मंठा तालुक्यात, नेटवर्कच्या दोन कांड्या असताना, त्याहून जास्त. तेवढ्या वेळात माणूस साइट बंद करून शेजाऱ्याला फोन लावतो.

नऊ सेकंद नेमके कुठे जातात ते आधी पाहायचं. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं मोफत साधन आहे, त्यात साइटचा पत्ता टाका. ढीगभर आकडे येतील, घाबरू नका, सुरुवातीला दोनच बघा. पहिला टीटीएफबी. तुम्ही पान मागितल्यापासून सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागलेला वेळ. हा 0.8 सेकंदाच्या आत असला तर चांगला धरतात. दुसरा एलसीपी. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, बहुतेक वेळा वरचा मोठा फोटो, दिसायला लागलेला वेळ. हा 2.5 सेकंदांच्या आत हवा.

आमच्या साइटचा टीटीएफबी 3.8 सेकंद होता. म्हणजे जवळपास चार सेकंद सर्व्हर काही पाठवतच नव्हता, नुसता स्वयंपाक चालला होता.

वर्डप्रेस 27 मे 2003 ला आलं, आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, आणि त्याची कामाची पद्धत मुळात तीच आहे. पान आधीपासून तयार नसतं. कुणी मागितलं की पीएचपीचा प्रोग्राम जागा होतो, एकेक प्लगइन उठवतो, डेटाबेसला वीस-पन्नास प्रश्न विचारतो, थीमच्या साच्यात सगळं बसवतो आणि मग पान पाठवतो. पुढच्या माणसाने तेच पान मागितलं तर पहिल्यापासून सगळं परत. स्वस्त होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात, तेव्हा हा स्वयंपाक रांगेत होतो.

बसस्टँडसमोरचा चहावाला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं पातेलं चढवत नाही. वीस कप एकदम करून किटलीत भरतो. कॅश प्लगइन म्हणजे ती किटली. पहिल्या माणसासाठी पान बनलं की ते तयार पान साठवून ठेवतं आणि पुढच्या सगळ्यांना तेच देतं. पीएचपी झोपलेलं, डेटाबेस झोपलेला. आमचा टीटीएफबी 3.8 वरून 0.3 वर आला. त्या दिवशी मी स्वतःवर भलताच खूश होतो.

इथे एक गोष्ट. टीटीएफबी चांगला आहे आणि एलसीपी वाईट आहे, असं तुमचं असेल तर कॅश प्लगइन तुमचा प्रश्न सोडवणार नाही. तुमचा प्रश्न फोटो आहे. मोबाइलने काढलेला चार एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून वर्डप्रेस फार मोठा फोटो 2560 पिक्सेलपर्यंत लहान करतं, 2021 च्या 5.8 पासून वेबपी हा हलका प्रकारही चालतो, पण चढवण्याआधी फोटो लहान करायची सवय लावली तर कुठल्याच प्लगइनच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आणि सर्व्हर कुठे आहे तेही बघा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर जालन्यापासून तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन सव्वीस हजार, म्हणजे 0.13 सेकंद, आणि हे तार सरळ असती तर. पान येण्याआधी ओळख-पाळख, कुलूप-किल्ली असं करत अशा किमान तीन फेऱ्या होतात. मुंबईतला सर्व्हर घेतला तर हा खर्च कुठलीही सेटिंग न करता वाचतो. होस्टिंग घेताना "सर्व्हर भारतात आहे का" एवढं एक वाक्य विचारायचं, बस.

कोणतं प्लगइन

यावर इंटरनेटवर भांडणं आहेत. माझं मत साधं आहे. तुमच्या होस्टिंगवर लाइटस्पीड सर्व्हर असेल तर लाइटस्पीड कॅश हे मोफत प्लगइन घ्या. होस्टिंगवाल्याला विचारलं की सांगतात. तो सर्व्हर नसेल तर या प्लगइनचं पान साठवायचं मुख्य काम एरवी चालत नाही, मग डब्ल्यूपी सुपर कॅश घ्या. तेही मोफत, आणि वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीचंच आहे. पैसे देऊन मिळणारं डब्ल्यूपी रॉकेट चांगलं आहे, पण छोट्या साइटला गरज नाही.

दोन प्लगइन एकदम टाकायची नाहीत. हे मी गमतीने सांगत नाही, एका पोराने खरंच तीन टाकली होती, "जास्त फास्ट होईल" म्हणून. वर्डप्रेसमध्ये कॅशसाठी एकच ठरावीक फाइल असते आणि बरीच कॅश प्लगइन त्याच फाइलवर हक्क सांगतात. नवं टाकण्याआधी जुनं नीट काढा.

आता मी काय केलं ते. रविवारी रात्री लाइटस्पीड कॅश टाकलं, चालू केलं, सोमवारी संध्याकाळी दोन-चार गोष्टी बदलल्या, वरच्या पट्टीतलं "पर्ज ऑल" बटण दाबलं, म्हणजे साठवलेलं सगळं पुसून टाकलं. साइट उघडली. टचकन आली. गटाच्या ग्रुपवर टाकलं, "साइट आता सुपरफास्ट". अंगठे आले.

मंगळवारी संध्याकाळी एका काकांचा फोन. "आरं, हा भाव बदलंना का रे? कालचंच दिसूलंय."

मी लॅपटॉपवर पान उघडलं. नवा भाव दिसत होता. मी म्हणालो, "काका, मला तर नवीन दिसतंय. तुम्ही पेज रिफ्रेश करा, नाहीतर फोन बंद करून चालू करा." त्यांनी केलं. आकडा तोच. त्यांना वाटलं, पोरगा म्हणतोय नवीन आहे, म्हणजे भाव कालच्याइतकाच असेल. मला आकडा मोठ्याने वाचून दाखवायचंही सुचलं नाही. फोनमध्येच काहीतरी बिघाड असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

बुधवारी त्यांच्या शेजारच्यांची गाडी रामनगरला निघाली होती. गाडीत जागा होती. काका म्हणाले, जालन्यात भाव बरा आहे, कशाला एवढ्या लांब. गुरुवारी ते कोष घेऊन जालन्याला गेले. पानावर दिसत होता त्यापेक्षा किलोमागे चाळीस रुपये कमी मिळाले. कोष दीडशे किलोच्या आसपास. सहा हजार रुपये. रामनगरला गेले असते तर किती मिळाले असते ते कुणालाच माहीत नाही, तिथेही भाव पडलेला असू शकतो. पण त्यांनी निर्णय घेतला तो जुन्या आकड्यावर, आणि तो आकडा "आजचे दर" असं मोठ्या अक्षरात लिहून मी दाखवला होता.

झालं काय होतं

तीन चुका एकावर एक बसल्या होत्या.

पहिली. प्लगइनला पान किती वेळ साठवायचं ते सांगावं लागतं. त्याला टीटीएल म्हणतात, किटलीतला चहा किती वेळ चालेल ते. लाइटस्पीड कॅशमध्ये ही वेळ आधीपासून भरलेली असते, 604800 सेकंद. साठने भागा, परत साठने भागा, चोवीसने भागा. सात दिवस. मी तो आकडा बघितला होता. सेकंदात असल्यामुळे तो माझ्या डोक्यात शिरलाच नाही. सोमवारी मी पुसल्यानंतर ज्याने पहिल्यांदा पान उघडलं, त्याच्यासाठी बनलेलं पान पुढच्या सोमवारपर्यंत सगळ्यांना जाणार होतं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. सात दिवस ही वेळ एरवी वाईट नाही. कारण तुम्ही वर्डप्रेसमध्ये एखादा लेख बदलून "अपडेट" दाबलं की प्लगइनला ते कळतं आणि ते त्या पानाची जुनी प्रत आपोआप फेकून देतं. पण आमचा भाव वर्डप्रेसमध्ये बदलतच नव्हता. तो गुगल शीटमध्ये बदलत होता. वर्डप्रेसच्या लेखी त्या पानाला कुणी हातच लावला नव्हता. प्लगइनने दिलेलं काम चोख केलं. त्याला शीटबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

तुमच्याही साइटवर असं काही आहे का बघा. इन्स्टाग्रामच्या पोस्ट ओढून दाखवणारा चौकोन, सोन्याचा भाव, शिल्लक माल, आजची तारीख, "ऑफर संपायला इतके तास" असलं काहीही. जे वर्डप्रेसच्या बाहेर बदलतं आणि सर्व्हरवर पान बनताना त्यात घातलं जातं, ते सगळं कॅशमध्ये गोठतं.

तिसरी चूक, मला ते दिसलं का नाही? कारण मी लॉगिन होतो. मी लावलेल्या सेटिंगमध्ये लॉगिन असलेल्या माणसाला साठवलेलं पान न देता ताजं पान मिळत होतं. त्यामुळे ज्याच्या हातात सेटिंग आहे, नेमका त्यालाच बिघाड दिसत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम लावलाय. कॅशचं काहीही तपासायचं असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत, आणि जमलं तर दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून.

मग आता कसं लावायचं

आता हे हातात फोन घेऊन करता येईल, पण लॅपटॉप असेल तर बरं. स्क्रीनवर नावं इंग्रजीत दिसतील, मी उच्चार सांगतोय.

सुरुवात कागदावर. साइटवरची सगळी पानं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे किती जुनं दिसलं तर चालेल. "आमच्याविषयी" हे पान महिनाभर जुनं चालेल. तुतीच्या जातीची माहिती महिनाभर. बातम्या, काही तास. भाव, पाच मिनिटं. आणि ज्या पानावर माणसाचं स्वतःचं काही दिसतं, त्याची ऑर्डर, त्याचं खातं, ती पानं कधीच साठवायची नाहीत. प्लगइनच्या चाळीस सेटिंगमधलं खरं काम हे एवढंच आहे, आणि ते प्लगइन तुमच्यासाठी करू शकत नाही. कोणतं पान किती शिळं चालेल हे तुमच्या धंद्यावर ठरतं.

शेवटच्या प्रकाराला हलक्यात घेऊ नका. गेम खेळणाऱ्यांना स्टीम माहीत असेल. 25 डिसेंबर 2015 ला स्टीमच्या दुकानावर हल्ला होऊन गर्दी झाली, ती सांभाळायला कॅशचे नियम घाईत बदलले गेले आणि लॉगिन केलेल्या माणसांची पानं साठवून दुसऱ्यांना दिली जाऊ लागली. लोकांना भलत्याच माणसाचं खातं, बिलाचा पत्ता, खरेदीचा इतिहास दिसला. कंपनीनेच नंतर सांगितलं की साधारण 34 हजार जणांची पानं अशी गेली. एवढ्या मोठ्या कंपनीचं होतं, तर आपल्या साइटचं काय. वूकॉमर्सवर दुकान असेल तर कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं बहुतेक प्लगइन स्वतःहून वगळतात, तरी दोन फोनवर दोन खात्यांनी एकदा तपासाच.

आता लाइटस्पीडमध्ये. डाव्या बाजूला प्लगइनचं नाव, त्यात "कॅश". पहिल्या टॅबमध्ये कॅश चालू. शेजारच्या टीटीएल टॅबमध्ये मी 604800 काढून 28800 टाकलं, म्हणजे आठ तास. कारण फॉर्म. वर्डप्रेसमधले बरेच फॉर्म पानात एक गुप्त आकडा लपवतात, त्याला नॉन्स म्हणतात, आणि तो जास्तीत जास्त चोवीस तास चालतो. पान सात दिवस साठवलं तर दुसऱ्या दिवसानंतर त्यातला आकडा मेलेला असतो. माणूस फॉर्म भरतो, पाठव दाबतो, काहीतरी एरर येते किंवा काहीच होत नाही, आणि तुम्हाला कळतही नाही. डब्ल्यूपी रॉकेटने आपली मूळ वेळ दहा तास ठेवलीय, ती उगाच नाही. "साइट फास्ट केल्यापासून चौकशा बंद झाल्या" असं कुणी म्हणालं की मी आधी हे बघतो.

मग भावाचं पान. ते पूर्ण वगळता येतं. "एक्सक्लूड्स" टॅबमध्ये "डू नॉट कॅश यूआरआयज" असा चौकोन आहे, त्यात पानाचा पत्ता टाकला की ते कधीच साठवलं जात नाही. पण मग प्रत्येक माणसासाठी सर्व्हर गुगल शीटकडे जाणार आणि ते पान परत चार सेकंदांवर येणार. जिथे घाई सगळ्यात जास्त, तेच पान सगळ्यात हळू.

म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. मुख्य टॅबमध्येच "फोर्स पब्लिक कॅश यूआरआयज" असा चौकोन आहे. त्यात पानाचा पत्ता, मग एक स्पेस, मग सेकंद लिहिता येतात. मी 300 लिहिलं. पाच मिनिटं. संध्याकाळी तासाभरात पाचशे जणांनी पान उघडलं तरी ते जास्तीत जास्त बारा वेळा बनेल, बाकी सगळ्यांना तयार मिळेल. आणि आकडा फार तर पाच-दहा मिनिटं मागे असेल, कारण प्रकाशित केलेली शीटसुद्धा काही मिनिटं मागेच असते. बाजारातला मुलगा भाव टाइप करायलाच त्याहून जास्त वेळ घेतो.

या चौकोनात एक खड्डा आहे. पत्त्यातला तुकडा जुळला तरी प्लगइन ते पान धरतं. आमच्या पानाच्या पत्त्यात इंग्रजीत "दर" होतं. उद्या कुणी "दर्शन" नावाचं पान केलं तर तेही त्याच नियमात अडकेल, कारण त्याची सुरुवातीची तीन अक्षरं तीच. म्हणून पत्त्याच्या आधी टोपीचं चिन्ह आणि शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचं, म्हणजे नेमकं तेच पान. आणि हा "फोर्स" बाकीचे नकार डावलून पान साठवतो. वैयक्तिक पान चुकूनही इथे टाकू नका, नाहीतर तुमचं छोटं स्टीम होईल.

ज्यांच्याकडे बदल रोज ठरलेल्या वेळी होतो, त्यांना आणखी सोपं आहे. "पर्ज" टॅबमध्ये "शेड्यूल्ड पर्ज" मिळतं. पत्ता द्या, वेळ द्या, त्या वेळी ते पान पुसलं जातं. आमचा भाव कधी सहाला येतो, कधी आठला, म्हणून आम्हाला ते जमलं नाही.

डब्ल्यूपी सुपर कॅश वापरणाऱ्यांनी "सिंपल" पर्याय ठेवावा, लॉगिन केलेल्यांना कॅश बंद ठेवावी, आणि भावासारखं पान सरळ नकाराच्या यादीत टाकावं. किंवा मग शीटचा नाद सोडून भाव थेट वर्डप्रेसच्या पानातच लिहावा. "अपडेट" दाबलं की आपोआप ताजं. मला विचाराल तर छोट्या साइटला हाच उपाय सगळ्यात शहाणपणाचा आहे. आम्ही केला नाही, कारण त्या मुलाला वर्डप्रेस फोनवर जड जातं आणि शीट सोपी जाते. ज्याला रोज काम करायचंय त्याच्या सोयीने बाकीचं लावायचं.

राहिला "पेज ऑप्टिमायझेशन"चा भाग. सीएसएस आणि जेएस लहान करणं, एकत्र करणं, उशिरा आणणं. इथे सगळी बटणं एकदम चालू केली की मेनू उघडत नाही, फोटोंची पट्टी सरकत नाही, फॉर्म गायब. एक चालू करा, सगळं पुसा, इन्कॉग्निटोमध्ये फिरून या, मग दुसरं. एक बटण मात्र मराठी साइटवाल्यांनी जरूर बघावं, फॉन्ट डिस्प्ले. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते, मुक्ता असो की बालू. ती येईपर्यंत ब्राउझर तीनेक सेकंद अक्षरंच दाखवत नाही, पान आलेलं असतं पण कोरं. "स्वॅप" निवडलं की तोवर फोनमधला साधा फॉन्ट दिसतो आणि मग बदलतो. क्षणभर अक्षरं हलल्यासारखी वाटतात, पण भाव तरी वाचता येतो.

क्लाउडफ्लेअरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्यांचं मुंबईत केंद्र आहे, फोटो आणि डिझाइनच्या फाइल तिथून जवळून मिळतात, मोफतही आहे. पण मूळ पान, म्हणजे एचटीएमएल, ते सांगितल्याशिवाय साठवत नाही. सांगायचं असेल तर वरचा कागद परत काढावा लागेल, कारण आता दोन किटल्या झाल्या, आणि एक रिकामी केली तरी दुसरीत जुनाच चहा असू शकतो.

पान खरंच कॅशमधून येतंय का हे फोनवर बघायचं असेल तर क्रोममध्ये पत्त्याच्या आधी इंग्रजीत "व्ह्यू-सोर्स" आणि कोलन लिहा. पानाचा कच्चा मजकूर उघडेल. अगदी तळाशी जा. ही दोन्ही प्लगइन तिथे आपली एक ओळ सोडून जातात.

आणि शेवटचा बदल मी केला तो प्लगइनमध्ये नाहीच. "आजचे दर" हे शब्द मी काढून टाकले. आता तिथे शीटमधूनच येतं, कोणत्या वाराचा, कोणत्या तारखेचा आणि किती वाजता टाकलेला भाव. कॅश फसली, शीट अडकली, मुलगा भाव टाकायला विसरला, काहीही झालं तरी वाचणाऱ्याला कळतं की हे कालचं आहे.

काकांना मी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. चूक माझी होती हेही. ते फार काही बोलले नाहीत. चहा झाला, मग शेडमध्ये नेऊन पुढची बॅच दाखवली. अजूनही कोष निघायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन येतो. साइट उघडलेली असते, तरी विचारतात, "तुझ्याकडं किती दाखवतंय, आकडा सांग." मी इन्कॉग्निटो उघडतो आणि आकडा वाचून दाखवतो.

तुमच्या साइटवर असं काही गोठलेलं सापडलं तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात फोटो लहान करायचं बघू, त्या नर्सरीवाल्या मित्राचे मोसंबीचे फोटो घेऊनच.